साहेबांचा पाय खालच्या जिल्ह्यात

रुहिंगोची टेकडी, वरचं आवार
(चूल कोणत्या जिल्ह्यात पडते, ते पुढे लिहिलं आहे)

आदरणीय दाजी,

धाकट्या मेहुण्याचा, बिटाराबेहोचा, दोन्ही हातांनी नमस्कार. ताईच्या पायांची सूज कंपालाच्या उकाड्यात उतरली का? भाचे आता अंगाने भरले असतील. तुमचा रक्तदाब आणि तुमच्या साहेबांचा राग दोन्ही आटोक्यात असावेत, अशी आमची रोजची प्रार्थना असते. इकडे धुकं वेळेवर येतं, ज्वारी भरली आहे, बटाट्याला यंदा करपा नाही. घरची खुशाली इतकीच, कारण कागद थोडा आहे आणि राग बराच आहे.

तुमच्या नकाशाच्या खात्याने आमचा जिल्हा पुन्हा चिरला हे तुम्हाला ठाऊक असेलच (पेन्सिल तुम्हीच तासून दिली असेल, असं पेरेजिया म्हणते, बायकोचं बोलणं मी फक्त कळवतो). तशी या टेकड्यांना रेघांची सवय आहे. आजोबांच्या लहानपणी तीन देशांचे गोरे दुर्बिणी घेऊन आले, आणि आजोबांची मावशी सकाळी चुलत बहिणीकडे गेली होती ती संध्याकाळी परदेशातून परतली. मग बुगांडाच्या राजाचे कारभारी आले. आमच्यात राजा कधी झालाच नाही, त्यामुळे वाकायचं कसं हे कुणाला माहीत नव्हतं. ते शिकवता शिकवता त्यांचीच कंबर धरली. मग उतारावर बांध घाला असा हुकूम आला. बांध आम्ही घातले, ते माती वाहून जात होती म्हणून. हुकूम वाहून गेला, बांध आहेत. पुढे एका जिल्ह्याचे तुकडे झाले आणि तुकड्यांचेही तुकडे झाले. आमच्या वडिलांनी वाटणी करताना पाच मुलांना सात टेकड्यांवर ओंजळ ओंजळ जमीन दिली, तेव्हा शहरातले लोक हसले होते. आता तेच लोक जिल्हे वाटतात, आणि त्यांच्याकडे तर मुलंही इतकी नाहीत.

या वेळची रेघ मात्र टेकडीच्या बरोबर कमरेतून गेली. ती आखायला ओलिंगासाहेब आले. माणूस चांगला, पण सपाट मुलखातला; त्यांच्याकडे वारुळाला टेकडी म्हणतात. त्यांनी चुन्याने रंगवलेले दगड मांडत मांडत माझ्या अंगणातून रेघ नेली. घर नव्या जिल्ह्यात गेलं, स्वयंपाकाची झोपडी जुन्यात राहिली. पेरेजिया आता विचारते, जेवायला येताय की परवाना काढताय. हे आम्ही हसून सोडलं असतं. पण साहेबांनी जमलेल्या लोकांपुढे नियम वाचला: डोलीमंडळाची नोंद जिल्ह्याप्रमाणे होईल आणि कोणतीही डोली रेघ ओलांडणार नाही.

तुम्ही खालच्या गावचे, तुम्हाला डोली काय सांगावी. पण खात्यात बसून विसरला असाल म्हणून लिहितो. गाडी दलदलीच्या पलीकडे थांबते, आजारी माणूस टेकडीवर असतो, आणि मधला उतार खांद्यावरच उतरतो. वरच्या गावात म्हातारे आणि बायका उरल्या आहेत, तरुण तुमच्या कंपालात विटा वाहतात. वरचे खांदे डोली उचलू शकतात, उतरवू शकत नाहीत. निम्म्या उतारावर खालच्या गावचे खांदे लागतात. मेल्यावर खांदा कोणीही देतं, दाजी. आम्ही जिवंतपणी देतो, आणि न येणाऱ्याला ज्वारीच्या दारूचा घडा दंड करतो. दोन मंडळं केली, तर वरचा प्रत्येक आजारी माणूस माझ्या अंगणात येऊन संपेल.

मी मंडळाचा चिटणीस. मी साहेबांना हे सगळं बसवून सांगितलं. ते म्हणाले, नियम वर ठरतो. मी म्हणालो, याच्या वर फक्त धुकं आहे.

दुसऱ्या दिवशी पाऊस पडून गेल्यावर साहेब शेवटचा दगड ठेवायला ओल्या बांधावर चढले आणि बसले. म्हणजे बसायचा त्यांचा विचार नव्हता. घोटा भोपळ्यासारखा सुजला. आम्ही शिंग फुंकलं, आणि नेहमीप्रमाणे दोन्ही गावं डोलीसकट धावली. (इथे कुणाच्या मनात वाकडं नव्हतं, हे ताईला वाचून दाखवा. वाकडं पुढे आलं.) घोंगडीत गुंडाळून आम्ही त्यांना उचललं, माझ्या अंगणातल्या पांढऱ्या दगडापर्यंत आणलं आणि अलगद खाली ठेवलं.

साहेब म्हणाले, थांबलात का? मी म्हणालो, नियम. आता खालच्या मंडळाने उचलावं. खालचा म्होरक्या जारिबुगिरे, तुमच्या शेजारच्यांचा, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही तो, डोलीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "साहेब पडले तेव्हा बूड वरच्या जिल्ह्यात होतं, पाय आमच्याकडे होता. आम्ही पाय नेऊ शकतो."

पेरेजियाने साहेबांना गरम आंबील दिली (चूल त्या बाजूला, साहेब या बाजूला, तिने परवाना विचारला नाही). साहेबांनी नव्या जिल्ह्याला फोन लावला. तिकडून सांगितलं, इजा पायाला आहे ना, मग जुन्याला विचारा. जुन्याने सांगितलं, अर्ज नव्याकडून यायला हवा. साहेबांनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, "बिटाराबेहो, हा दगड उचला."

"कुठे ठेवू, साहेब?"

"माझ्या शेजारी."

जारिबुगिरेने दगड डोलीत ठेवला, दोन्ही गावांनी खांदे लावले, आणि साहेब व सरहद्द एकत्रच दवाखान्यात गेले. परत जाताना साहेबांनी लिहून दिलं की या टेकडीवर दगड टिकत नाहीत. हे तुमच्या टेबलावर आलं असेल. आलं असेल तर त्यात एक अक्षर खोटं नाही, कारण उरलेले दगड आता आमच्या शेळ्यांच्या गोठ्यात आहेत आणि तिथे उत्तम टिकले आहेत.

पुन्हा कुणी आलं तर पुन्हा तेच होईल. हे तुमच्या साहेबांना सांगितलंत तरी चालेल.

ताईला आणि भाच्यांना आठवण सांगा.

तुमचा मेहुणा,
बिटाराबेहो

ता. क. वशिला मागतोय असं समजू नका. रेघ सरकवायला तुमची गरज नाही, ती आम्ही उचलू शकतो.

आणखी एक. मंगळवारी दुसरा साहेब येणार आहे, सिमेंट घेऊन. खालच्या गावाला निरोप आलाय की रेघ ओलांडून खांदा देणाऱ्याला सरकारी बियाण्याचा बटाटा मिळणार नाही. जारिबुगिरे परवा आला होता. म्हणाला, आमची पोरं घाबरलीत. आमच्याच गावचा एखादा सरकारी माणूस पहिला खांदा लावेल, तर बाकीचे मागे लावतील. मी कुणाचं नाव घेतलं नाही. त्यानेही घेतलं नाही. दोघांनीही कंपालाच्या रस्त्याकडे पाहिलं.

पेरेजिया म्हणते, खरं कारण लिहा, नाहीतर पाकीट चिकटवणार नाही. उजव्या जांघेत आतडं उतरलंय. डॉक्टर म्हणतात, कापावं लागेल, थांबू नका. ज्वारी काढताना झालं. दुखतं, दाजी. पत्र तुकड्या तुकड्यांनी लिहिलंय. मंगळवारी सकाळी मला डोलीत घालणार आहेत. तुमचा शिक्का नको आहे, खांदा हवा आहे. तुमच्या नोकरीवर काय येईल ते मी जाणतो, तरी मागतो. नाही आलात तर राग धरणार नाही. वरचे लोक मला रेघेपर्यंत आणतील आणि ठेवतील. मी तिथून कुणाच्या परवानगीने पुढे जाणार नाही आणि मागेही जाणार नाही. मग तुमच्या खात्याला नकाशावर मलाच दाखवावं लागेल.