गालिच्यावरची वनएटी

३ मार्च
हवेत असतानाच लक्षात आलं, टीव्ही आता पाठीमागे यायला हवा होता. तो बाजूला होता. म्हणजे नव्वद अंश. पायांना बांधलेल्या फळ्या सोफ्याखाली गेल्या, मी गालिच्यावर राहिलो. पहिल्याच उडीत अर्धी वनएटी, एकशे ऐंशीतले निम्मे अंश. समाधानकारक.

फळ्या पाहुण्यांच्या पलंगाच्या. ईदच्या सुट्टीत जॉर्जियाला जायचंय, स्कीइंगला. मी आणि लेक आर्या. बायकोची, मेधाची, लीव्ह मंजूर झाली नाही. सोबत मर्विन आणि त्याची बायको रोझमेरी. मर्विन माझ्याच ऑफिसात. गेल्या वर्षी एकदा बर्फात जाऊन आला, तेव्हापासून स्वतःला डोंगर समजतो.

आर्या तेरा वर्षांची. तिला पहिली उडी मी शिकवणार. मर्विन नाही.

खालच्या मजल्यावरचा मुख्तारभाई येऊन गेला. भाईसाब, रोज़े में ज़रा सोने दो, ऊपर ऊँट पाला है क्या. तो मर्विनला ओळखतो. माझ्या सरावाच्या वेळा कुठे पोचतायत ते कळलं.

५ मार्च
रमजान, इथे आखातात ऑफिस दोनला सुटतं. रोज तीन ते पाच सराव. साखर बंद.

व्हिडिओतला गोरा मुलगा म्हणतो, नवशिक्यांनी आधी नुसतं सरळ घसरायला शिकावं. तो भाग पुढे ढकलला. आज बटर. म्हणजे सगळं वजन टोकावर टाकून गोल फिरायचं. टोक मोडलं. फळी जुनी होती. नवी काढली. पाहुणे तसेही फार येत नाहीत.

चहात साखर घेतली. दमल्यावर लागते.

९ मार्च
फळ्यांना खोबरेल चोळलं. दारासमोरच्या फरशीवरून थेट लिफ्टपर्यंत, न थांबता. बर्फावर हेच वापरायचं. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही.

ऑफिसात मर्विनला बोलून बसलो. तो खुर्चीवरून पडायचा बाकी होता. अरे दत्ता, खोबरेल थंडीत थिजतं रे बाबा, वसईला डिसेंबरात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय आमची केसं विंचरायची नाहीत, आणि तू पुण्याचा ना?

जळतो.

घरी येऊन बाटली फ्रीजमध्ये ठेवली. थिजली. मेधाने फ्रीज मुद्दाम वाढवून ठेवला असावा. का, ते शोधायचं.

१४ मार्च, शुक्रवार, दुपार
जेवून डोळा लागला होता. जाग आली तेव्हा आर्या शिवणाच्या टेपने माझं डोकं मोजत होती. विचारलं तर म्हणते, स्कूल प्रोजेक्ट, बाबा, गो बॅक टु स्लीप. कुठल्या शाळेत बापाचं डोकं मोजून आणायला सांगतात?

मेधा दारात उभी राहून आकडा मोबाइलवर टाइप करत होती. कुणाला पाठवतेस विचारलं. म्हणाली, डोकं आहे का याचीच खात्री करून घेतोय आम्ही, झोपा.

हसण्यावारी नेलं. म्हणजे नक्की काहीतरी आहे.

१८ मार्च
वनएटी जमली. अर्धी हवेत, उरलेली जमिनीवर फिरून. शोकेसची काच मध्ये आली.

मेधा ओरडली नाही. ते जास्त वाईट. म्हणाली, आता आणखी काही मोडलं, घरातलं किंवा तुमचं, तर आर्या मर्विन-रोझमेरीबरोबर जाईल. तुम्ही इथे बसून पलंग जोडायचा. खलास.

यामागे मर्विन आहे. आर्या रोज शाळा सुटली की पुलापलीकडे अरादला त्याच्या घरी जाते. रोझमेरी आंटी मॅथ्स घेते म्हणे. काल कोपर खरचटलेलं होतं. मॅथ्सने कोपर खरचटत नाही.

सायकल ती माझ्याकडून शिकली. इथेच, माहूजमध्ये, बिल्डिंगमागे. तेव्हा मर्विन कुठे होता?

२१ मार्च
शुक्रवारची सुट्टी, तरी आर्या मॅथ्सला. मागोमाग अरादला गेलो. गाडी लांब लावली. मर्विनच्या कंपाउंडच्या भिंतीवर चढून पाहिलं.

अंगणात वाळूचा उतार केलेला. वर मर्विन, डोक्यावर हेल्मेट. आर्या त्याला सांगत होती, बाबांचं हेल्मेट याहून मोठं लागेल, अंकल, मी डोकं मोजलंय, आणि ते असं नीट पडणार नाहीत, हात पसरून पडतील. मर्विन माझ्यासारखा पडला. हात पसरून, पोट पुढे, तोंड उघडं. नक्कल चांगली नव्हती. मग आर्याने त्याला कुशीवर वळवलं, गुडघे दुमडायला लावले, खांद्याचा आधार दिला आणि उठवलं. वाळूत दोघंही एकदा आपटले. पुन्हा.

रोझमेरी म्हणाली, बस गं आता, बाप तुझा पडला तर तिथे इन्स्ट्रक्टर असतात उचलायला. आर्या म्हणाली, ही विल फील बॅड. मी उचलीन.

हे सगळं माझ्या पाठीमागे चाललं होतं, याची नोंद करून ठेवतो.

नीट दिसावं म्हणून पुढे झुकलो. भिंत अरुंद होती.

आत अंगणात पाठीवर पडलो. मर्विन धावला, तर आर्याने त्याला हाताने थांबवलं. मला कुशीवर वळवलं, गुडघे दुमडायला लावले, खांद्याचा आधार दिला. दुसऱ्या प्रयत्नात उठलो. मर्विन हसला नाही. त्यामागे काय आहे, कळत नाही.

गाडी सुरू केली. मेधाला सांगायचं का, विचारलं. आर्या म्हणाली, काही मोडलं नाहीये ना? मग नको. पण यापुढे मी सांगेन तेच करायचं, बाबा.

विचार करून सांगतो म्हणालो.

२२ मार्च
सकाळी सात. आर्याने मला उठवलं. हॉलमध्ये गादी टाकली होती, फळ्या कुठे दिसल्या नाहीत. म्हणाली, आधी पडायला शिकायचं. डावीकडे पडलो. अगेन, बाबा. पुन्हा पडलो.