सपरीतला पलट्या पत्रा

कुरखेडा, मे २००६

चिरंजीव वारलूले मोठ्या बहिणीचा, मनकर्णाचा आशीर्वाद. तुही कंबर कशी हाये? तुह्या बायकोले म्हणा, लोणचं भेटलं, खारट होतं, पण संपलं. मी ठीक हावो. म्हंजे एकटी हावो, पण ठीक.

आता मुद्दा आयक. फाल्गुनात नागपूरच्या कालेजातला एक इंजिनेर आला न आपल्या घरापुढच्या सपरीच्या भिताडाले नवा पत्रा ठोकून गेला. (फुकट होता, मी काऊन नाई म्हणू?) हा पत्रा उन्हात तापला का दुधावानी पांढरा होते न ऊन परतवून घर थंड ठेवते. थंडीत काळा होते, ऊन पिऊन घर गरम करते. वीज लागत नाई. (बरंच हाये, वीज इथी येते कुठी?) उलटा मात्र ठोकू नका म्हणे, मंग उन्हाळ्यात भट्टी होते. मी त्याचं नाव पलट्या ठेवलं. घर खरंच गार झालं. शेजारची सोनीबाई सूप घेऊन इथीच तांदूळ निवडाले बसे.

मंग ऊन तापलं. सारा पत्रा पांढरा झाला, पण मधात एक काळी जागा राह्यली. टेकून बसलेल्या माणसाएवढी, डावा खांदा उतरलेला. वारलू, तो खांदा कोणाचा ते तुले सांगावं लागते का? मोहाची पोती वाहून तुह्या भाटव्याचा, माह्या घरधन्याचा, खांदा तसाच झाला होता, न मरेपर्यंत ते तिथीच टेकून तंबाखू चोळत. मागच्या वर्षी ते गेले तवा आपण पीठ पसरून टोपल्याखाली झाकलं होतं, कोणाचं पाऊल उमटते, ते कोणत्या जल्माले गेले पाहाले. काहीच उमटलं नाई. तू म्हणाला, मुक्ती भेटली. मुक्ती कायची, त्याईले जितेपणी तरी कुठी वेळेवर पोचता आलं?

इंजिनेराले बोलावलं. "मावशी, भिंतीत ओल असेल," म्हणे. मी म्हटलं, "बाप्पा, माह्या विहिरीत नाई, न भिताडात?" त्यानं काळ्या जागेले हात लावला न झटक्यानं काढला. बोटं गारठून निळी पडली होती. मी चहा घेऊन येतो तं गाडी फाटकाबाहेर. त्याचा कप मी भिताडापाशी ठेवला. थोड्या वेळानं पाह्यला तं रिकामा. (मांजर असन. आपल्याकडे मांजर नाई, पण असन.)

सोनीबाई आता येत नाई. मी दुपारी त्याईच्याच बाजूले बसतो. साऱ्या घरात गारवा तिथीच हाये. उभ्या जल्मात बायकोले पंखा हालवला नाई, आता पाह्य.

तुही बहीण
मनकर्णा

ता. क. सोमवारपासून त्याईच्या बाजूले दुसरी काळी जागा दिसून राह्यली. बाईची हाये. अंबाडा हा एवढा मोठा. माह्या डोक्यावर केस कुठी राह्यले? तुह्या गडचांदुरात तुह्याच गल्लीत ते मोठ्या अंबाड्याची गुणाबाई राह्यते. तुहे भाटवे सिमेंट आणाले म्हणून दर महिन्याले तिकडे येत. आपलं घर तं मातीचं हाये. पत्र भेटल्याबरोबर जा न ते बाई जिती हाये का पाहून ये.

आणखी एक. जिती असन तं काही बोलू नको. मेली असन तं त्या इंजिनेराले फोन लाव न विचार, पत्रा मधातून कापून तिच्याच बाजूचा उलटा ठोकता येते का. तुह्या भाटव्याची बाजू तशीच राहू दे म्हणा. त्याईले गरमी सोसत नाई.