बांधाच्या पायथ्याचं गवत

ता. ९ सप्टेंबर

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. या अक्षरांचा अर्थ मला अजून धड माहीत नाही. दादा लिहायचा म्हणून मीही लिहितो. माझं डोकं तुझ्या पायावर, असं धरून चाल.

मी इथे टिकलोय. हसू नकोस. टायरचं दुकान सोडलं, बेकरी सोडली, पण हा रोलर काही सुटेना. नव्या तलावाला मातीचा बांध घालायचं काम आहे. माती पडते, मी तिच्यावरून रोलर पुढे नेतो, मागे आणतो. भिंगरीला बैलासारखं जुंपलं म्हणशील. म्हण.

पण आज लिहायला बसलो ते ठमी-ढब्बूसाठी. मागे घरी आलो होतो तेव्हापासून डोक्यातून जात नाही. पाच वर्षांची पोरगी दिवसभर खिडकीचे गज धरून बसते, आणि तिच्या भावाचा पाय गवताला लागला की तो किंचाळतो. रंग बघ दोघांचा. अंधारात ठेवलेल्या बटाट्याला कोंब येतात ना, तसा. तू म्हणशील खोकला होईल, कपडे मळतील. दादा म्हणेल रात्रभर पंप सांभाळून आल्यावर मला घरात शांतता हवी. त्याचा हुकूम पंपाच्या खोलीत चालू दे. तू रोज तासभर पोरांना बाहेर काढ. ऊन असो, ढग असो, पाहुणे असोत. क्वार्टरचं मागचं दार उघडलं की तुमच्या तलावाचा बांध. त्याच्या पायथ्याशी केवढं मऊ गवत आहे! गाडी नाही, घोडा नाही, कुत्रं नाही. मी त्यावर दुपारभर उताणा पडलो होतो. याहून चांगली जागा शोधून मिळायची नाही. मला शब्द दे.

माया पातळ करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा दीर,
भिंगरी


ता. ४ ऑक्टोबर

चि. भाऊजींस अ. उ. आ.

तुमचा हुकूम पाळला. लांब बसून हुकूम सोडायला काय जातं म्हणा! पहिले काही दिवस ढब्बू माझ्या गळ्याला माकडासारखा चिकटून होता. आता ऊन कललं की स्वतःच चपला घेऊन दारात उभा. एक त्याची, एक त्याच्या बाबांची. दोघं जेवतात अशी की कणीक पुरत नाही, आणि तोंडात घास असतानाच पेंगतात. ठमी तर बांधावर अर्ध्यापर्यंत चढते आणि लोळत खाली येते. ह्यांनी आधी कुरकुर केली. मग तासभर घर गप्प असतं हे लक्षात आलं, आता तेच विचारतात, अजून गेला नाहीत का.

पोरांना तिथे एक झरा सापडलाय. बांधाच्या अगदी पायाशी, गवतातून करंगळीएवढी धार येते. पाणी काचेसारखं. ठमी म्हणते झरा तिचा, भावाला हात लावायचा तर तिला विचारून. दोघं तिथेच हातपाय धुतात, त्यामुळे जाताना असतात त्याहून स्वच्छ होऊन घरी येतात. तलाव यंदा काठोकाठ भरलाय. हे वर जाऊन असे बघतात, जणू घागरी ह्यांनीच ओतल्या.

जेवणाची हेळसांड करू नका. जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची वहिनी


ता. १२ ऑक्टोबर

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पोरं लोळतात हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, याचं लग्न ठरलं वाटतं.

मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं. वहिनी, तो झरा आधी होता का? मी त्याच गवतावर पडलो होतो, आणि उठलो तेव्हा पाठ कोरडी होती. मी आपला सहज आमच्या मुकादमाला विचारलं. मुकादम चहा पीत होता. तो आधी हसला, म्हणाला मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. मग त्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, पाणी स्वच्छ आहे की गढूळ? मी म्हटलं काचेसारखं. मग बरं आहे, म्हणाला. पण स्वच्छ आहे तोवर नुसतं पाणी येतंय. गढूळ झालं तर पाण्याबरोबर बांधही आतून यायला लागला असं समजायचं. एवढं बोलून उठून गेला, चहा तसाच टाकून. हा माणूस चहा टाकत नाही.

तू फक्त बघून कळव. दादालाही सांग. माझं नाव घेतलंस तर तो चिडेल, तरी सांग.

तुझ्या लोभावर तर माझं इथलं पोट भरतं.

भिंगरी


ता. २१ ऑक्टोबर

चि. भाऊजींस अ. उ. आ.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. जेवताना दाखवलं ही माझी चूक. म्हणाले, जुम्मा जुम्मा आठ दिवस रोलरवर बसला आणि मला बांध शिकवतो! हा बांध त्याच्या जन्माआधीचा आहे, साहेब दर वर्षी येऊन बघून जातात. पाझर असेल, नाहीतर घुशींनी पोखरलं असेल. ताट अर्धं टाकून उठले.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गेले काही दिवस मी पोरांचे कपडे धुऊन थकले. पिवळा चिखल, गाळ कसला, नुसतं लोणी. साबण लावला तरी निघत नाही. मला वाटलं पोरंच उकरतात. काल मी स्वतः पुढे होऊन बघितलं. धार आता मनगटाएवढी झाली आहे. जिथून येते तिथे भोक पडलंय, ठमीने हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला. आतलं पाणी हाताला ढकलतं, म्हणाली. तिला मजा वाटली. मी तिला ओढून मारलं. का मारलं ते मलाच कळलं नाही.

दोघांना तेव्हापासून घरात ठेवलंय. पण भाऊजी, घर तरी कुठे आहे? त्याच बांधाखाली. उलट टपाली कळवा. ह्यांना नको, मला लिहा.

आमच्यावरची नजर हटवू नका.

तुमची वहिनी


ता. २६ ऑक्टोबर

वहिनी,

मायना राहू दे. तार केली आहे. ती पोचली असेल तर हे पत्र वाचायला तू तिथे नसशील, आणि देव करो तसंच होवो.

पोरांना घरात ठेवू नकोस. बाहेरच ने, पण वर. शाळेच्या टेकडीवर. दादा ऐको न ऐको, तू नीघ. क्वार्टरच्या ओळीतल्या बाकीच्या बायकांना सांग. हसतील, हसू देत. दादाला माझं काही सांगू नकोस. त्याला एवढंच म्हण, जा आणि स्वतः हात घालून बघ.

ती जागा मीच तुला दाखवली. रोज ने म्हणून मीच हट्ट धरला. मुकादम म्हणतो, पोरं रोज तिथे जात नसती तर कुणाला कळलंच नसतं. तो मला बरं वाटावं म्हणून बोलतो.

इकडे ये. खोली लहान आहे.

भिंगरी


ता. १७ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. वहिनी आणि पोरं सुखरूप पोचली, हे मागच्या दोन पत्रांतही लिहिलं होतं. मिळाली की नाही कोण जाणे.

वहिनीने सगळं सांगितलं. तू हात घातलास, बाहेर काढलास, आणि तडक पाणी सोडायच्या दाराचं चाक फिरवायला गेलास. साहेबांनी दार बंद करायला सांगितलं, गावाचं वर्षभराचं पाणी वाया जातं म्हणाले, तर तू म्हणालास चाक फिरत नाही, गंजलंय. तुला खोटं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. ओळीतली बिऱ्हाडं टेकडीवर गेली, आणि तू वहिनीला म्हणालास, मी निघालो तर ते लगेच दार लावून टाकतील.

पोरांचं विचारशील म्हणून लिहितो. मी कामावरून सुटलो की रोज दोघांना बाहेर नेतो. ढब्बू खुशाल पळतो. ठमी उंबऱ्यावर अडून बसते, उचलून न्यावी लागते. कुठेही चढ दिसला, मातीचा ढीग दिसला, की विचारते, याच्या मागे पाणी आहे का? मी तिला ढिगावर चढवून पलीकडचं दाखवतो. तिचा विश्वास बसत नाही. पुढच्या ढिगापाशी पुन्हा विचारते. तरी मी नेतो. खिडकीत बसू देणार नाही.

मुकादम म्हणतो, बांध फुटला तर बातमी वाऱ्यासारखी येते, ती आली नाही म्हणजे तलाव उतरतोय. मी मान हलवतो. पण इकडे पेपर उशिरा येतो, आणि तुमच्या बाजूचं टपाल आठवडाभर आलेलं नाही. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणाला रस्ता बंद आहे. का बंद आहे ते त्याला सांगता येईना.

वहिनी टपालाच्या वेळेला दारात उभी राहते आणि पोस्टमन पुढे गेला की आत जाते.

मोठं पत्र नको. आशीर्वाद नंतर दे, रागवायचं तेही नंतर. तू कुठे उभा आहेस तेवढं कळव. बांधाच्या वर की खाली.

तुझा,
भिंगरी