सोयापेंड कुणी बंद केली

५ जाने., सुदुंबरे
शेवटच्या शेडमधली चाळीस डुकरं दीड महिन्यात कटाईला. त्यांची सोयापेंड बंद केली. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्याचा करपलेला शेंगदाणा स्वस्तात मिळतोय, तो सुरू. आकडेमोड केली, प्रोटीन तेवढंच भरतं. दादाला बोललो नाही. धंदा त्याचा, अक्कलही त्याचीच! वजनं झाली की सांगेन, बघ म्हणावं.

१४ जाने.
रघूआबाची कुरकुर. बारा वर्षं डुकरांना खायला घालतोय, म्हणून स्वतःला डॉक्टर समजतो म्हातारा. "धाकलं मालक, खात्यात लय, पण अंगी लागंना. वाईच सोया घाला." म्हटलं, आबा, तुमी घाण काढा, डोकं मी चालवतो. गडी हसले. मजा आली.

२६ जाने.
एकमेकांच्या शेपट्या चावतायत. सात जखमी. एकाची मुळापासून गेली, पू झालाय. बघवत नाही. आबाच हळद लावत बसलाय. दादाला कळलं तर...

२८ जाने.
कळलं. दादा डॉक्टरबाईंना घेऊन आला. बाई म्हणाल्या, "नुसती चरबी चढलीय. प्रोटीन भरून भागत नाही, त्यात लायसीन लागतं, नाहीतर मांस धरत नाही. शेंगदाण्यात ते मुळात कमी, करपला की आणखी जातं. अशा कमतरतेनं पण शेपट्या चावतात."
दादा ओरडला, "सोया कुणी बंद केली?"
मी आबाकडे बघितलं. नुसतं बघितलं, शप्पथ.
"विकून खाल्लीस ना थेरड्या?" दादाने आबाच्या कानाखाली वाजवली. बाई गाडीत जाऊन बसल्या.

२९ जाने.
दादाने आबाची शेडमागची खोली रिकामी करवली. पोरगी बेडशाला दिलीय, तिकडं जातो म्हणाला. जाताना माझ्यापाशी आला. "तुमाला तर ठावं हाय. येकदा सांगा की मालकास्नी."
म्हटलं, "उगा तमाशा नको आबा. निघा."
निघाला. वळून म्हणाला, "त्या पू झालेल्याला येगळं ठिवा." लाज वाटली. तरी तोंड उघडलं नाही. हलकट आहे मी.

२ फेब्रु.
सोया परत सुरू. दादाने पाठीवर थाप मारली, "तू होतास म्हणून निभावलं." उभ्या जन्मात पहिल्यांदा. बरं वाटलं, हेच वाईट.
दुपारी आबाच्या पोरीचा फोन. "बाबा हितं आलंच न्हाईत. तुमच्याकडंच हायती ना?" बघून सांगतो पुटपुटलो, ठेवला.
दादा समोर जेवत होता. "कुणाचा रं?"
"राँग नंबर."
तासभर झाला. आबाला शोधायला म्हणून गाडीची चावी हातात घेऊन बसलोय. दादा अजून घरातच आहे.