धुतलेला दगड

खंडेनवमी, संध्याकाळ

बोटांना अजून हळद आहे. धुवावीशी वाटत नाही. आज धुण्याचाच राग आलाय.

प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होती. मायक्रोस्कोपला झेंडूची माळ आणि शेजारी पाटावर माझा दगड, लख्ख धुतलेला, कुंकू लावलेला. थरच्या वाळवंटातून मी स्वतः उचलून आणलेला. त्याच्या पोटाला हिरवी रेघ होती. वर्षानुवर्षं पावसाशिवाय तग धरणारे जिवाणू! मंगळावर जीव असलाच तर असाच दगडाखाली दडून असेल, म्हणून तर त्याच्यामागे लागले होते.

शिपाई सदामामा कौतुकानं म्हणाले, "ताई, खालनं लई शेवाळ धरलं हुतं. काथ्यानं घासून काढलं की!"

त्यांना काय बोलणार? देवाचं काम म्हणून मन लावून घासलं त्यांनी. सरांना सांगितलं, तर ते हसले. "दगडच तो. दुसरा आण की. पेढा घे." परवा हेच सर एका शाळेत परग्रहावरच्या जीवसृष्टीवर भाषण देणार आहेत.

आणि मी? पेढा घेतला. खाल्लासुद्धा.

ती हिरवी रेघ. वाळवंटात टिकली, कोल्हापुरात काथ्यानं गेली.

खरी चीड स्वतःचीच. डब्यावर चिठ्ठी लावायची विसरले नव्हते. लाजले होते. दगडाच्या डब्यावर 'जिवंत आहे, धुऊ नये' असं लिहिलं तर सगळे हसतील, असं वाटलं.

मघाशी ती चिठ्ठी लिहिली, डब्यावर चिकटवली. डबा रिकामा आहे.