मागे बघणारं खेचर

अण्णा, तुम्हाला खेचर ठाऊक आहे. संस्थानच्या पागेत दोन होती, पाण्याच्या पखाली वाहायची, आणि तुम्ही त्यांच्यासाठी कधी झूल शिवली नाहीत. झूल हत्तीला आणि घोड्याला, खेचराला पोतं. इथे टेक्सासमध्ये आम्ही राहतो त्या गावाने मात्र खेचराला आपल्या मानचिन्हाच्या ढालीवर बसवलंय. पाण्याच्या टाकीवर तेच, शाळेच्या निशाणावर तेच, फुटबॉलच्या मैदानाच्या फाटकावरही तेच. परवाच्या शुक्रवारी त्या खेचराने मला आणि तुम्हाला, दोघांनाही खोटं पाडलं. तेच सांगायला बसले आहे. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण शिवणातलं बोलायला मला दुसरं आहे कोण.

फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तो नव्हे. इथला चेंडू लांबट, सोललेल्या नारळासारखा. तो छातीशी धरून एकजण पळतो आणि बाकीचे त्याच्या अंगावर पडतात. पडले की शिट्टी, उठले की परत पडायचं. मला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव तिथे लोटतं, दुकानाला टाळं लावून. मी जाते लेकीसाठी. ती शाळेच्या बँडमध्ये आहे, आणि खेळाच्या मधल्या सुट्टीत बँड मैदानात उतरतो तेव्हा सगळ्यांच्या पुढे निशाण धरून चालायचं काम यंदा तिला मिळालंय. बँडमधल्या पोरांच्या आया तोवर खाण्याच्या खिडकीमागे राबतात. मला खिडकीशी उभं करत नाहीत. त्यांचं इंग्रजी ऐकून माझं डोकं फिरतं, माझं ऐकून त्यांचं. मी कात्री घेऊन मागे बसते. मक्याच्या चिप्सची पुडी आडवी कापायची, तीत डावभर गरम चिली, म्हणजे घट्ट तिखट रस्सा, ओतायची, वर कांदा, वर किसलेलं चीज, आणि चमचा खुपसून पुडीच हातात द्यायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, अगं बाई, ही तर मिसळ! चिलीत गाईचं मांस असतं, म्हणून मी तोंडाला लावत नाही, नुसती वाढते. माझ्या पुडीत कांदा आणि आंबवलेल्या मिरच्या घालून उभ्याउभ्या खाते. तुम्ही असतात तर आधी नाक मुरडलं असतंत आणि मग दोन पुड्या संपवल्या असत्यात.

तर ते निशाण. मी इथे एका लाँड्रीत कपडे आखूड करायचं, चेन बदलायचं काम करते, हे गावाला माहीत आहे. बँडच्या मास्तरांनी निशाण दुरुस्तीला माझ्याकडे पाठवलं. जुनं जाड कापड, त्यावर फेल्टचे तुकडे कापून शिवलेली ढाल. वरती कापसाचं बोंड, त्याखाली चांदणी, त्याखाली खेचर, आणि तळाला लॅटिनमध्ये एक ओळ. ती ओळ गावात कुणालाच वाचता येत नाही. तेवढ्यापुरती मी आणि हे गाव एका यत्तेत. खेचराचं डोकं वेगळ्या तुकड्याचं होतं, दोन धाग्यांवर लोंबत होतं. कापडावर जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती. त्या भोकांवरून जावं तर डोकं येत होतं पाठीकडे. खेचर चाललंय पुढे आणि बघतंय मागे! मी म्हटलं, कुठल्या बिनडोक बाईने शिवलंय हे. टाकीवर आणि फाटकावर ते चिन्ह इतकं बारीक रंगवलेलं आहे की मला इतके दिवस ते कुत्रं वाटत होतं, तेव्हा ताडून बघायचा प्रश्नच नव्हता. मी डोकं फिरवलं, समोर बघणारं केलं, आणि असे टाके घातले की ओढून तुटू नयेत. जुनी भोकं वाफेच्या इस्त्रीने बुजवली.

हे मी कुठून शिकले ते तुम्हाला सांगायला नको. मी आठ-नऊ वर्षांची आहे. संस्थान विलीन व्हायच्या आधीचं शेवटचं वर्ष. तुम्ही फरासखान्यातून, तंबू-झुलींच्या तुमच्या शिवणखात्यातून, दरबारचं निशाण घरी दुरुस्तीला आणलंय, चुलीपासून लांब चटई अंथरलीय, आणि आई तव्यावरची भाकरीसुद्धा हळू थापटतेय, पीठ उडू नये म्हणून. तुम्ही जेवायला उठलात तेवढ्यात मी निशाणावरच्या घोड्याची सुटी मान टाचून ठेवली. पाठीकडे वळवून. मला वाटलं, त्याला मागून कुणीतरी हाक मारलीय. तुम्ही हात धुऊन आलात, बघितलंत आणि लाकडी गज माझ्या बोटांवर मारलात. "निशाणावरचं जनावर मागे बघत नाही. मागे बघतं ते पळपुटं." मग ती मान तुम्ही उसवलीत, तीही उलट बाजूने, कापडाला कळू नये अशी. पुढल्या वर्षी संस्थान गेलं, निशाण गेलं, फरासखाना गेला. तुम्ही शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या शिवायला लागलात आणि काजं करायला हात हवेत म्हणून मला चौथीतून काढलंत. पण ते वाक्य मी पाठ केलं होतं. चौथीनंतर मी शिकले ते एवढंच, म्हटलं तरी चालेल.

शुक्रवारी ऊन अजून कलतं होतं. यंदा शाळेचे जुने विद्यार्थी मुद्दाम आले होते, पिकल्या केसांचे, काठ्या टेकत. चिलीच्या पातेल्यावर एक म्हातारे असतात, डोक्यावर हॅट, पूर्वी कापूस पिकवायचे. लेक बँडचा कोट घालून, निशाण खांद्यावर टाकून मला दाखवायला आली. मीच म्हटलं होतं, आण, सगळ्यांना बघू दे. म्हाताऱ्यांनी डाव खाली ठेवला.

"मॅम, आमच्या खेचराची मान कुणी मोडली?"

मागच्या दोघीतिघी हसल्या. मी म्हटलं, मी नीट केली. उलटी होती.

"उलटी नव्हती." ते हसत नव्हते. "ते मागेच बघतं."

मग त्यांनी सांगितलं. लेक मला मराठीत सांगत होती, अर्धं गाळत, तोंड लाल करून. त्यांच्या आजोबांच्या वेळी या गावावर वावटळ आली, आपल्या धुळीच्या भोवऱ्यासारखी नव्हे, घरं उचलणारी. एक खेचर दावं तोडून पळालं. ते चांगलं उंचावर, सुरक्षित पोचलं होतं. लोकांनी टेकडीवर बघितलं, ते थांबलं, मान वळवून गावाकडे बघितलं, आणि परत आलं. त्याच खेचराला जुंपून पडक्या घरांच्या तुळया ओढल्या, खालची माणसं काढली. "त्यातली एक माझी आजी," म्हातारे म्हणाले. "ते पुढे बघत राहिलं असतं तर तुमची चिली आज दुसऱ्या कुणी ढवळली असती."

मी निशाण उलटून मागचे माझे टाके बघायला लागले.

लेक मात्र सुरू झाली. "मॉम, तू विचारत का नाहीस? यू जस्ट फिक्स एव्हरीथिंग! मी हे घेऊन जाणार नाही. ते सगळे ओल्ड पीपल बघणार. आय ॲम नॉट गोइंग." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षभर ती या चालण्याची वाट बघत होती. आरशासमोर झाडूचा दांडा धरून चालायची, मी बघितलंय. मैदानात शिट्टी झाली, मधली सुट्टी जवळ आली. मी पुड्या बाजूला सारल्या, टेबल कोरडं पुसलं, पर्समधून सुई-दोरा काढला. "रडून झालं असेल तर कापड धर," म्हटलं. "ताणून. अजून ताण. तुझ्या बापाने वाढवलंय का तुला, एवढं हळू काय धरतेस!" तिने धरलं. शिवण मी तिला कधी शिकवलं नाही, मुद्दाम. तिने काजं करू नयेत म्हणून. पण बोटं कशी ठेवायची ते तिला आपोआप कळलं, अंगठा खाली, तर्जनी वर. तुमच्यासारखं.

मी उलट बाजूने उसवत होते. माझेच टाके, हट्टाने घट्ट घातलेले, निघता निघेनात. हाताला चिलीचा वास. म्हातारे पातेलं सोडून आमच्यावर बॅटरी धरून उभे राहिले, उजेड होता तरी. लेक एकदम हळू आवाजात म्हणाली, "पण तुला कोणी सांगितलं, मागे बघायचं नाही?"

"माझ्या वडिलांनी."

"व्हाय?"

"गप. हलू नकोस."

जुनी भोकं मला बोटाला लागली. इस्त्रीने बुजली नव्हती, नुसती लपली होती. मी एकेका भोकातून सुई काढली आणि मान तिच्या जागी गेली. शेवटची गाठ दाताने तोडली आणि लेक पळाली.

ती चालली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. पाठ ताठ, निशाण सरळ. बाकांवरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली, हॅट्स काढून छातीशी धरल्या. कुणी ओरडलं नाही. बँड वाजत होता आणि तरी तिथे शांत होतं. खेचर मागे बघत बघत अख्ख्या मैदानातून पुढे गेलं आणि कुणीही त्याला पळपुटं म्हटलं नाही.

लेकीने विचारलं त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. तिला काय सांगू. मी यांच्यामागे अमेरिकेला निघाले, तुम्ही एसटीपर्यंत आलात, गळ्यात टेप तशीच, आणि म्हणालात, "निशाणावरचं जनावर मागे बघत नाही. तूही बघू नकोस, पाय अडखळतो." मी मान ताठ करून चढले. पुढे पत्रात तुम्ही लिहिलंत, पोरगी धीराची, एकदासुद्धा वळली नाही. तुम्ही चारचौघांत सांगायचात ते, असं भाऊ म्हणतो. तुम्ही गेलात तेव्हा मी येऊ शकले नाही, तेव्हाही लोक म्हणाले, धीराची आहे.

अण्णा, मी वळले होते. पिंपळाच्या वळणावर, एसटीच्या मागच्या काचेतून. सुई पडली की तुम्ही बसता तसे रस्त्यात उकिडवे बसला होतात, दोन्ही तळहात मातीत फिरवत.