पेन्सिलीचा धूर

वाशीम, १२ जानेवारी १९३७

वाचनालयाने हौशी लोकांकडून आगगाडीचे फोटो मागवले होते. आज परीक्षक म्हणून ते तपासले. रिठदच्या सदाशिवरावांचा सर्वांत देखणा, आणि तोच मी बाद केला. इंजिन उभे, चाकाचा आरा न् आरा स्पष्ट. धूर मात्र मागे पळतो आहे. निगेटिव्हवर पेन्सिलीने काढलेला धूर. स्टुडिओत वीस वर्षे मी हेच करतो, मला कळणार नाही?

संध्याकाळी ते घरी आले. मी म्हटले, "फोटोत खोटे चालत नाही."

ते शांतपणे म्हणाले, "मंग आमच्या बाबाचे डोये कायले उघडले तुमी?"

त्यांचे वडील वारले तेव्हा मी प्रेत बसवून फोटो घेतला होता. मिटलेल्या पापण्यांवर डोळे काढून दिले होते.

"माय रोज त्या डोयाइकडे पाहून बोलते. तिले सांगू काय, खोटं हाय म्हनून?"

निकाल बदलणार नाही. धूर खोटा तो खोटाच. पण त्यांच्या वडिलांचे उघडे डोळे मी कधी पाहिलेच नव्हते. तेव्हा समोर उभ्या सदाशिवरावांचे पाहून काढले होते. ते काही त्यांना सांगवले नाही.